शब्दाच्या पोटातला प

हे गेले ते नांदेडला, दवाखान्यात. मी आदल्या दिवशीच अहमदपूरला घरी आले होते. दुकानाच्या किल्ल्या दिरांकडं द्यायच्या, यांचा स्वेटर घ्यायचा आणि परत फिरायचं, एवढंच काम होतं. स्वेटरची घडी करत असतानाच जावयाचा फोन आला. नंतर भेटायला आलेली माणसं एकच गोष्ट सांगत होती. “शिवाप्पांसारखं इंग्रजी तालुक्यात कोणाचं न्हवतं बघा. एवढाले शब्द, अन् लगेच अर्थ बी सांगायचे.” मी मान खाली घालून बसले. लोकांना ते दुःख वाटलं असेल. खरं तर ती लाज होती, यांनी जन्मभर वागवलेली आणि माझ्याकडं सोपवून गेलेली. आज लिहिते आहे ते मुलीनं आग्रह केला म्हणून.

मला बघायला हे उदगीरला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, “शेताला पाणी कसं हाय?” हे म्हणाले, “इरिगेशन सफिशियंट आहे, म्हणजे भरपूर.” आडतीवर आयुष्य गेलेले माझे वडील हरखले. लग्नानंतर मात्र मला ओशाळं व्हायला लागलं. पाहुण्यांसमोर हे मला “वॉटर आण” म्हणायचे. पाऊस म्हणजे ‘रेनफॉल’, पैसे म्हणजे ‘रक्कम’. दुकान पाईपचं, तरी तोंडात सदा ‘नळी’. साधं ‘पण’सुद्धा नाही, ‘लेकिन’. माहेरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मला वाटे, माणूस शेखी मिरवतो.

एकदा आम्ही नांदेडहून परभणीला माझ्या मावशीकडं निघालो होतो. कंडक्टर आला तसा यांचा चेहरा उतरला. ओठ घट्ट मिटले, मान एकदा हलली, आणि हे म्हणाले, “दोन मानवत.” मानवत परभणीच्या पुढं. मी काही बोलणार तोच यांनी माझा हात दाबला. परभणी आलं, आम्ही उतरलो. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून यांनी माझा तळहात उघडला आणि त्यावर बोटानं ‘प’ काढला. “हे अक्षर सुरुवातीला आलं की गळा धरतं,” हे म्हणाले. “शाळेपासून. कोणाला सांगू नको. लई लाज वाटते.” माझ्या डोक्यात मात्र पदराआड हसणाऱ्या त्या बायकाच होत्या.

मुलगी झाली. बारशाला नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं... पल्लवी. मी यांच्याकडं बघितलं. हे पेढ्यांचं ताट धरून उभे होते, कान लालबुंद. नाव बदला म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते काही यांच्यानं झालं नाही, आणि मीही गप्प राहिले. यांनी तिला ‘माय’ म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतातच, त्यामुळं ते झाकून गेलं.

पल्लवीच्या चित्रांच्या पुस्तकात पाणघोडा होता. हे तिला वाचून दाखवताना ‘हिप्पोपोटॅमस’ म्हणाले, न अडता. मग थांबून परत म्हणाले. मी चुलीपाशी होते, हे धावत आले. “बघ, ते अक्षर शब्दाच्या आत असलं की सरळ निघतं. तोंडाशी असलं की अडतं.” मग यांनी डिक्शनरी घेतली आणि हे पोटात ‘प’ असलेले लांबलचक शब्द हुडकायला लागले. इनकॉम्पॅटिबिलिटी, म्हणजे दोघांचं न जमणं. अनप्रिसिडेंटेड, म्हणजे आजवर न घडलेलं. मिसअप्रोप्रिएशन, म्हणजे दुसऱ्याचं आपल्या घशात घालणं. लेकीला मांडीवर घेऊन हे शब्द म्हणायचे, ती अर्थ सांगायची. त्या वेळी यांच्या चेहऱ्यावर जी मोकळीक दिसे, ती चारचौघांत मी कधी बघितली नाही.

पल्लवी बारावीला लातूरला होती. निकाल चांगला लागला, क्लासवाल्यांनी सत्कार ठेवला. आईवडिलांनी स्टेजवर दोन शब्द बोलायचे होते. यांनी वाक्य तयार केलं होतं, “माझी मुलगी अनपॅरलल्ड आहे, म्हणजे जिला जोड नाही.” हे माईकपाशी गेले, आणि सूत्रसंचालक हसून म्हणाला, “आधी लेकीचं नाव तर सांगा, काका.” यांनी ओठ मिटले. “प... प... प...” माईकमधून तेवढंच येत राहिलं. मागं कोणीतरी हसलं. मी खुर्चीवर बसून पायाखालची सतरंजी बघत होते. शेवटी त्या माणसानं माईक ओढून घेतला आणि नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या. हे वाक्य न बोलताच खाली उतरले.

घरी आल्यावर पल्लवी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. “आई, अप्पांना मुलगा पाहिजे होता का? मला नावानं कधीच हाक मारत न्हाईत. आज सगळ्यांसमोर बी माझं नाव तोंडातून निघालं न्हाई.” माझ्यानं राहवलं नाही. परभणीचं, बारशाचं, सगळं सांगून टाकलं. मागं वळले तर हे दारात उभे. तसेच दुकानाकडं गेले. कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत, लेकीच्या नजरेला नजर दिली नाही.

पुढं ती नांदेडला नोकरीला लागली. एका दुपारी यांनी तिला फोन लावला. “माय, जेवलीस का?”

“माय कोण?” ती म्हणाली. “नावानं हाक मारा, अप्पा. मी थांबून राहते.”

यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मात्र गोदामात पाईपांच्या थप्प्यांमागं जाऊन परत लावला. मी दाराशी होते. “प... प...” मग बराच वेळ काही नाही. तिकडून ती एक अक्षर बोलत नव्हती. आणि मग निघालं, “पल्लवी.” हे तिथंच पोत्यावर बसले. पुढं शेवटपर्यंत रोज फोन होत राहिला, लेकिन गोदामातूनच. लाज काही गेली नाही. लाजेसकट नाव घ्यायला शिकले, एवढंच.

अजूनही पल्लवी फोन उचलला की लगेच बोलत नाही. समोरच्याला जागा ठेवते. परवा मी फोन लावला आणि नाव घ्यायला गेले तर माझ्याच तोंडून “प...” एवढंच निघालं. वाटलं, ती ‘आई, काय झालं’ म्हणेल. ती फोन कानाला धरून थांबून राहिली.