मुझाहिमचा लांबलेला शुक्रवार

बगदादच्या काझिमियातल्या निम्म्या घरांच्या गाद्या मुझाहिम पिंजाऱ्याने पिंजल्या होत्या, पण स्वतःच्या जिभेपुढे त्याचं काही चालत नसे. साखर वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तह करून दिला. सहा दिवस जवाची भाकरी आणि कमी तेलाची भाजी, शुक्रवार तेवढा मोकळा. तरीही साखर उतरली नाही, तर रोज सुई. सुईचं नाव काढलं की हा आडदांड गडी पांढराफटक पडायचा.

तह आपण तंतोतंत पाळतो, असं त्याचं ठाम मत होतं. शुक्रवारी सकाळी पापुद्र्यांची खुसखुशीत पोळी, तिच्यावर म्हशीच्या दुधाची जाड साय आणि खजुराचा पाक, दुपारी भात-खिमा भरलेल्या भाज्यांचा डोलमा. पण गुरुवारी मगरिबची अजान झाली रे झाली, की स्वारी हात चोळत स्वयंपाकघराच्या दारात हजर.

"सबीहा, आपल्यात दिवस कधी बदलतो? सूर्य बुडाला की. म्हणजे शुक्रवार लागला! काढ ती खजुराची बिस्किटं."

बायको काय बोलणार? गुरुवारच्या रात्रीला शुक्रवारची रात्र म्हणतच तीही लहानाची मोठी झाली होती. शनिवारी उरलंसुरलं असे, आणि अन्न टाकणं तर पाप. त्या पापापासून मुझाहिम घराला नेमाने वाचवत असे.

पुढच्या तपासणीत साखर आणखी चढली. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "एका दिवसात एवढी?"

"एक दिवस कसला, बाई!" सबीहा म्हणाली. "यांचा शुक्रवार गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी जेवूनच जातो."

डॉक्टरीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी मुझाहिमला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारली. "अबू मुआयद, आणखी एक महिना. नंतर मी ऐकणार नाही."

घरी येताना मुझाहिम रडवेल्या आवाजात म्हणाला, "शुक्रवार बंदच करून टाक."

"कशाला? शुक्रवारी लेकी घरी येतात, त्यांच्याबरोबर सकाळची एक पोळी खा की. माझं दुखणं वेगळंय. सहा दिवस माझ्यासमोर बसता आणि मनात शुक्रवारचं ताट. काल मी काय रांधलं होतं, सांगा बघू?"

मुझाहिमला सांगता येईना. तो पार ओशाळला.

मंगळवारी भेंडीचा रस्सा होता, टोमॅटो, लसूण आणि वाळवलेलं लिंबू घातलेला. त्याने भाकरीचा तुकडा बुडवला, सावकाश चावला. पुन्हा बुडवला.

"फक्कड झालीय गं भेंडी! आज काय वेगळं घातलंस?"

"काही नाही," सबीहा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दर मंगळवारी अशीच असते."