बायकोच्या कॉम्प्युटरातला दुसरा कॉम्प्युटर

आमच्या घरात दणकट कॉम्प्युटर एकच, आणि तो बायकोचा. शाहूपुरीत खाली तिचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान, वर आम्ही. लग्नसराईच्या ब्लाउजांची सगळी डिझाईन्स त्यातच. ती उडाली तर गिऱ्हाईक दारात येऊन तमाशा करणार, हे मलाही ठाऊक होतं.

पण मला भारी खाज. नोकरी सांभाळून मी एक नेटवर्क स्टॅक लिहिला होता. म्हणजे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा निरोप बांधणारा आणि सोडवणारा प्रोग्राम. तसले तयार मिळतात की, पण आत नेमकं काय चालतं ते स्वतः केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो चालवून बघायला माझ्या लॅपटॉपात तेवढा जीव नव्हता, म्हणून दुकानाच्या सुट्टीदिवशी तिच्या कॉम्प्युटरवर बसलो.

"माझं काय उडालं तर बघा," ती म्हणाली.

"अगं, ह्यात मी खोटा कॉम्प्युटर बनवतोय. व्हर्च्युअल मशीन. तो आत मेला तरी बाहेर काय होत न्हाय."

स्क्रीनच्या कोपऱ्यात तो सुरू झाला. आपण खोटे आहोत याचा त्याला पत्ताच नाही, अगदी थाटात स्वतःची मेमरी मोजत बसला. मी बघतच राहिलो.

"मग माझा मोर तिथं कसा?"

बघतो तर तिचं मोराचं डिझाईन आतल्या फोल्डरात. फायली आत न्यायला सोपं पडावं म्हणून मी आळसानं तिचा आख्खा फोल्डर दोघांत सामाईक ठेवला होता. म्हणजे आतल्यानं घोळ घातला असता तर तिची खरी डिझाईन्सही गेली असती. ते सामाईक ठेवणं बंद केलं, तिला दाखवलं, मगच आत स्टॅक चालू केला.

आतून बाहेर निरोप गेला. उत्तर आलं, आणि ते उघडतानाच आतलं मशीन आडवं झालं. तिनं मला बाजूला सारून आधी मोर उघडला. जसाच्या तसा होता. मग मी आतल्या मशीनची आधी जपून ठेवलेली प्रत लावली, आणि मेलेलं मशीन परत उभं राहिलं.

तिनं ते पाडून परत उभं करणं मला आणखी दोनदा करायला लावलं. मग हळूच म्हणाली, "मला बी एक असलं करून द्या. डिझाईनचं नवीन सॉफ्टवेअर कवापासनं आणून ठेवलंय. हाय ते बिघडलं तर, म्हणून हातच लावला न्हाय."

मला फार वाईट वाटलं. तिलाही काही करून बघायचं असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा स्टॅक तसाच सोडून मी तिचं मशीन उभं करायला घेतलं.