नवव्या सिलिंडरचा नारळ

त्या प्रकरणातलं आजही सगळ्यात आधी आठवतं ते मी न घेतलेली एक चिठ्ठी. पेट्रोलने शंभरी ओलांडून बरेच दिवस झाले होते. मी तेव्हा परळ-शिवडी भागातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. दुपारी बाराच्या सुमारास बंदोबस्ताच्या याद्या तपासत बसलो असताना सीएनजी पंपावर गॅस भरणारी एक मुलगी केबिनमध्ये आली. पंचविशीची, अंगावर पंपाचा गणवेश.

"साहेब, तीन टॅक्सी आल्या होत्या. तिन्हींच्या पाटीवर सिलिंडरचा नंबर एकच आहे."

गॅसच्या गाडीतल्या सिलिंडरची ठरावीक मुदतीने दाब देऊन चाचणी करावी लागते. पास झाला की त्याचा नंबर आणि तारीख असलेली पत्र्याची पाटी गाडीच्या बॉनेटखाली लावतात आणि ती बघूनच पंपावर गॅस भरायचा असतो. एकाच सिलिंडरचा नंबर तीन गाड्यांवर असू शकत नाही. हे आज मी शहाण्यासारखं लिहितोय. त्या दिवशी मी म्हणालो, "ते परिवहन खात्याचं काम. तिकडे अर्ज द्या."

"तिकडे जाऊन आले. ते म्हणाले, पोलिसांत जा."

"मग लेखी घेऊन पुन्हा तिकडेच जा."

तिने गाड्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. मी हात पुढे केला नाही. चिठ्ठीची घडी घालून ती निघून गेली. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता. बंदोबस्ताच्या दिवसांत कुणी असलं बारीकसारीक घेऊन आलं की मला राग यायचा.

चार दिवसांनी तिच्याच पंपावर एका टॅक्सीचा सिलिंडर फुटला. गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून खाली उतरायचं असा नियम असतो आणि ही मुलगी तो पाळायला लावायची, म्हणून जीव कुणाचा गेला नाही. ती स्वतः मात्र नळीजवळ उभी होती. परळच्या रुग्णालयात मी तिचा जबाब घ्यायला गेलो तेव्हा डाव्या कानावर पट्टी होती. त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"त्या तीन टॅक्सींतलीच एक," ती म्हणाली. "मी भरत नव्हते. मॅनेजर म्हणाले, रांग वाढतेय, भर." मग तिने उशीखालून तीच चिठ्ठी काढली. "त्या दिवशी घेतली नव्हती तुम्ही."

मी चिठ्ठी घेतली.

टॅक्सीवाल्याने अर्ध्या तासात सांगून टाकलं. गॅसचं किट बसवलं होतं शिवडीच्या गोदामांमागे, एका फिटरने, बाजारभावाच्या निम्म्यात. दुसऱ्या दिवशी सकाळीच पंच घेऊन छापा घातला. भंगारात निघालेल्या गाड्यांचे सिलिंडर तिथे रांगेने मांडले होते. गंजाचे खड्डे लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून बुजवलेले, वर चकचकीत रंग. पाट्या ठोकायला नंबरांचे छाप एका डब्यात. खरी चाचणी झालेला सिलिंडर एकच. त्याचाच नंबर हा सगळ्यांना देत होता. कागद एकाही गाडीचा ठेवलेला नव्हता.

फिटर लालबागचा, पन्नाशीचा, मूळचा कोकणातला. बाप गिरणीत बॉयलरवर होता. ठाण्यात आणल्यावर तासभर त्याचं एकच पालुपद. "मी लोकांचं भलंच केलं साहेब. पेट्रोल म्हणजे नाकापेक्षा मोती जड झालंय. नवीन किट कुणाला परवडतं?"

माझा हवालदार सावंतवाडीकडचा. वीस वर्षांच्या नोकरीत त्याला कुणावर आवाज चढवताना मी पाहिलं नव्हतं. त्याने चहा मागवला, फिटरपुढे ठेवला आणि मालवणीत विचारलं, "तुझो बापूस बॉयलरार होतो ना? त्येना बॉयलराक असा लांबी लायल्यान असता काय रे?"

फिटरने चहाला हात लावला नाही. म्हणाला, "नऊ बसवले."

आठ गाड्यांचा माग त्याच्या सांगण्यावरून आणि चिठ्ठीवरून लागला. नववी आदल्याच संध्याकाळी घेऊन गेला होता एक व्हॅनवाला. शाळेची पोरं नेणारा. मालकाचं नाव माहीत नाही, फोन घेतलेला नाही, गाडीचा नंबर पाहिलेला नाही. गोदामाच्या रस्त्यावरचा कॅमेरा बंद. मी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. शनिवार होता, शाळा साडेबाराला सुटणार होत्या. परळ, नायगाव, दादर मिळून शाळा किती आणि व्हॅन किती! नियंत्रण कक्षाला कळवलं, वाहतूक पोलिसांना कळवलं, पण थांबवायची कुठली व्हॅन, ते कुणाला ठाऊक होतं?

हवालदाराने सहज विचारावं तसं विचारलं, "नारळ फोडलेलो काय?"

"फोडला ना. नारळाशिवाय एक गाडी सोडली नाही मी."

सिलिंडरच्या खड्ड्यात लांबी भरताना या माणसाने मागेपुढे पाहिलं नाही, पण नारळ चुकवायची हिंमत झाली नव्हती. अशी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली.

"त्याचा नारळ नासका निघाला," फिटर पुढे म्हणाला. "बिथरलाच तो. म्हणाला, दुसरा फोडल्याशिवाय गाडी हलवणार नाही. गेला आणि पंधरा मिनिटांत बदलून घेऊन आला."

"बदलून की विकत?"

"बदलून. वर बडबडत होता, नेहमीच्या गिऱ्हाइकाला असा देतात का म्हणून."

हवालदार उठून उभा राहिला. "साहेब, फोडलेला नारळ बदलून देणारा माणूस ओळखीचाच असतो."

गोदामापासून पायी पंधरा मिनिटांत जाऊन येण्यासारखी देवळं दोनच. पहिल्या देवळाबाहेरचा फुलवाला नाही म्हणाला. दुसऱ्या देवळाबाहेर हार विकणाऱ्या मावशींनी आमचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "व्हॅनवाला? भांडून गेला काल. दर मंगळवारी हार नेतो माझ्याकडनं. नायगावला बीडीडी चाळीत राहतो." चाळीचा नंबरही त्यांनी सांगितला. ती चाळ आमच्या पोलीस वसाहतीपासून चार पावलांवर होती.

घरी त्याची बायको भेटली. शाळेचं नाव तिच्याकडून मिळालं. आम्ही पोचलो तेव्हा शाळा सुटली होती आणि व्हॅन भरली होती. अकरा पोरं, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, आणि मागच्या सीटखाली तो सिलिंडर. इंजिन सुरू होतं. हवालदाराने खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. मी पोरांना एकेक करून उतरवलं. त्यातली एक चिमुरडी विचारत होती, "काकांनी काय केलं?"

व्हॅनवाला आधी चिडला, मग फुटपाथवर बसला. "पेट्रोलवर चालवली तर हातात काही उरत नाही. फी वाढवली तर पालक दुसरी व्हॅन बघतात. पोस्टरवर सगळे सांगतात, इलेक्ट्रिक घ्या. तिसऱ्या मजल्यावरनं वायर सोडू का? चाळ तर पाडणार आहेत." त्याचं खोटं नव्हतं. गाडी बदला म्हणून त्या काळात सगळीकडून सांगितलं जात होतं. ज्यांच्या इमारतीखाली जागा होती ते बदलत होते. बाकीच्यांना शिवडीचं गोदाम होतं.

पोरांना दोन शिपायांनी चालत घरी पोचवलं. गॅस कंपनीच्या तज्ज्ञांनी गॅस मोकळा करून सिलिंडर उतरवला. खालच्या बाजूला तळहाताएवढी लांबी निघाली. किती दिवस टिकला असता, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वर्षभरही टिकला असता. उद्या भरताना फुटलाही असता."

फिटरवर दोषारोपपत्र दाखल झालं. तपासाबद्दल वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. ती घेताना मला लाज वाटली, हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. चिठ्ठी घेतली असती तर त्या मुलीचा कान वाचला असता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ठाण्यात आलेल्या माणसाच्या हातातला कागद मी आधी घेतला आणि काम कुठल्या खात्याचं, ते मग पाहिलं. नोकरीतल्या तीस-बत्तीस वर्षांत शिकलो ते एवढंच, आणि तेही उशिरा.

मुलीची मी माफी मागितली होती. ती "असू दे" म्हणाली नाही. "घ्यायला हवी होती," एवढंच म्हणाली.

आता माझ्याकडेही गॅसवर चालणारी जुनी गाडी आहे. ती मुलगी अजून त्याच पंपावर आहे आणि मी तिथेच गॅस भरतो. गेल्या आठवड्यात गुडघा धरला होता, म्हणून मी गाडीतच बसून राहिलो. तिने ऐकू येणारा कान माझ्याकडे केला. "काका, खाली उतरा. बॉनेट उघडा."

मागचा रिक्षावाला ओरडला, "अगं, म्हातारा माणूस आहे, भर ना."

तिने वळून पाहिलं नाही. मी उतरलो, बॉनेट उघडलं. तिने वाकून पाटीवरचा नंबर बोट फिरवत वाचला, तारीख वाचली, मग नळी हातात घेतली. तेवढा वेळ मी तिच्यासमोर उभा होतो. ती चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभी होती तेव्हा मी तिला बसा म्हणालो होतो का, ते आठवत होतो. म्हणालो नव्हतो.