शेवटच्या खुंट्यापर्यंतचं गाव

कोपरीच्या कोळीवाड्यातली शीला नकाशे काढायला लागली, तेव्हा तिच्या आत्याने, मनुबाईने, पोरीला सरकारी नोकरी लागल्याचं वाडाभर सांगून टाकलं. नोकरी होती वर्तकनगरच्या एका लहानशा खाजगी कंपनीत. पण मनुबाईच्या तोंडाला कोण लागणार?

साल १९९४. नव्या विकास आराखड्यासाठी जुने कागदी नकाशे संगणकात चढवायचं काम कंपनीने घेतलं होतं. प्रत्येक गावाभोवती एक चौकट. त्या चौकटीसाठी संगणकाला चारच आकडे पुरत: दक्षिणेचा आणि उत्तरेचा अक्षांश, पश्चिमेचा आणि पूर्वेचा रेखांश. शीला एकेका घराचा बिंदू टिपायची. त्यातले टोकाचे आकडे संगणक आपणच निवडायचा. चौकटीच्या आत आलं ते गाव, बाहेर राहिली ती मोकळी जमीन.

एका बुधवारी तिच्याच वाड्याचं पान छापून आलं. चौकट शेवटच्या घराच्या भिंतीला संपली होती. त्यापुढचं खळं, जिथे मनुबाई आणि वाड्यातल्या बायका जवळा सुकवायच्या, ते मोकळ्या जमिनीत गेलं होतं. आणि मोकळ्या जमिनीवर गोदामं कुठे बसवायची, त्याची यादी सोमवारी पक्की होणार होती. चूक कोणाची म्हणाल तर तिचीच. कोळ्याच्या पोरीने फक्त घरं टिपली होती.

संध्याकाळी तिने वडिलांना, गुणाजीला, सांगितलं. जाळं शिवता शिवता तो म्हणाला, "गाव म्हंजे निस्ती घरां नाय गो. आपला गाव शेवटच्या खुंट्यापरत."

हा खुंटा म्हणजे खाडीत जाळं बांधायचा लाकडी खांब. तो कुजला की सगळा वाडा मिळून त्याच जागी नवा रोवतो, पणजोबांपासून.

साहेबांनी, आनंद प्रधानांनी, दुसऱ्या दिवशी नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, काटेकोर होता. "खुंटा घालू. पण मोजलेला बिंदू हवा, सांगोवांगी नको." मोजणीची माणसं मात्र पंधरा दिवस मिळणार नव्हती.

शीला हिरमुसून घरी आली. मग तिला सुचलं. "बाबा, भरतीला खुंटा बुडतो. मग तो सापडतो कसा?"

"देवलाचा कलस कारखान्याच्या चिमणीच्या आड जाया पायजे. नि पुलाचा खांब पारसिकच्या डोंगराच्या टोकाखाली. दोन्ही जमलं का होडी खुंट्यावर."

कळस, चिमणी, खांब, टोक. चारही गोष्टी नकाशावर होत्या. शुक्रवारी तिने पट्टी लावून दोन रेषा ओढल्या आणि जिथे छेदल्या तिथले अक्षांश-रेखांश साहेबांपुढे ठेवले.

"दोन रेषा कुठेतरी छेदणारच," साहेब म्हणाले. "तिसरी आणा, दुसऱ्या कोणाकडून. तीही तिथूनच गेली तर मानीन."

खुंट्याच्या खुणा जाणणारा वाड्यातला दुसरा माणूस म्हणजे दौलत, आणि दौलतशी गुणाजीचं सात वर्षं बोलणं बंद. शीला बापाला न विचारता त्याच्या दारात गेली. दौलतने ऐकलं, घसा खाकरला. "मिठागराची कोठी नि पाण्याची टाकी, एका रेषेत. तुझ्या बापाला इचार, तो पन हेच सांगल."

शनिवारी साहेबांनी रेषा स्वतः ओढली. ती त्याच छेदावरून गेली. पेन्सिलीच्या टोकाएवढाही फरक नव्हता. साहेब म्हणाले, "घाला बिंदू."

एक बिंदू पडला आणि चारातले दोन आकडे हलले. चौकट पूर्वेला आणि दक्षिणेला खाडीत पसरली. खळं अख्खं आत आलं. शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही.

सोमवारच्या यादीत खळं नव्हतं. संध्याकाळी ती तडक तिथे गेली आणि अक्षांश, रेखांश, सगळं मनुबाईला समजावून सांगितलं. मनुबाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे उंद्या जवला घालू ना?"

"घाल."

"नि फुडच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही, आत्या."