घाबरायचं ते आपल्या मर्जीने

भुताची पुस्तकं वाचतेस म्हणून घर विकून टाक, असं कुणी आपल्या आईला म्हटल्याचं ऐकलंय? मी ऐकलंय. समोरच्याच दारात, माझ्या या कानांनी.

समोरच्या म्हणजे आमच्या मजल्यावरच्या लाँड्रीवाल्या ताई. जन्मभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या. आजाऱ्यांच्या, बाळंतिणींच्या, गेलेल्यांच्यासुद्धा. भीती कशाशी खातात ते त्या बाईला ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी नवरा गेला आणि त्या वाचनालयातून भुताच्या गोष्टी आणायला लागल्या. विहिरीतली, उलट्या पायांची भुतं नव्हेत हं, हल्लीची. बिल्डिंगमध्ये नसलेल्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट. मेलेल्या माणसाच्या नंबरवरून येणारा फोन. वाचून झालं की मला सांगायच्या. मी मेली हावरट, "पुढे काय, पुढे काय" करत ऐकायची आणि मग घरी येऊन दोरीवरचा माझाच गाऊन बघून दचकायची.

"जिवाला घोर कशाला लावून घेता?" मी एकदा विचारलं.

"अगं, घोर आहेच की. पडेन का, अंथरूण धरेन का, पोरगा मला उचलून नेईल का. तो काही मिटून ठेवता येत नाही. हे पुस्तक मिटता येतं. घाबरायचंच आहे ना, मग माझ्या मर्जीने घाबरेन!"

परवा दुपारी चिरंजीव आले ते घराला गिऱ्हाईक बघून, सहीचे कागद घेऊनच. आईला स्वतःकडे न्यायचं, म्हणजे मागच्या खोलीत, जुन्या कपाटांच्या शेजारी. मुलगा वाईट नाही हो, काळजी करतो. पण त्याची काळजी म्हणजे माणूस उचलून माळ्यावर ठेवणं. दोन्ही दारं उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"एकटी बसून हे असलं वाचतेस. एक दिवस घाबरून जीव जाईल."

"जाऊ दे. माझ्या घरात जाईल."

"आई, हट्ट सोड."

"तुझ्या बाबांना जमलं नाही सोडवायला. तू कोण टिकोजीराव लागून गेलास?"

आणि वॉशिंग मशीन चालू ठेवून त्या तरातरा दूध आणायला खाली गेल्या. जाताना पुस्तक मुद्दाम टेबलावर उघडं ठेवलं, असा माझा संशय आहे. त्या कबूल करत नाहीत.

थोड्या वेळाने चिरंजीव माझ्या दारात. तोंडचं पाणी पळालेलं, हातात पुस्तक, मधल्या पानात बोट. "काकू, जरा बसू का? सहजच."

ती गोष्ट मला माहीत होती. एका घरातलं वॉशिंग मशीन. चार माणसांचे कपडे टाकायचे, पाच माणसांचे निघायचे. तेवढ्यात ताईंचं मशीन संपल्याची बेल वाजली आणि गडी खुर्चीतून उडालाच. भर दुपारी! मला असं हसू फुटलं म्हणता!

ताई आल्या. त्याला माझ्या घरात बसलेला बघून काय ते समजल्या. "चल, मशीनमधले कपडे काढायला मदत कर."

तो त्यांच्या मागे, मी त्याच्या मागे. ताईंनी झाकण उघडलं. दोन गाऊन, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि तळातून एक पुरुषाचा निळा शर्ट. चिरंजीव पांढरेफटक.

"हा... हा कुणाचा?"

"बाबांचा शर्ट ओळखला नाहीस? दर आठवड्याला धुते."

"कशाला, आई?"

"तुम्ही सगळे सांगता, गेलं ते गेलं, आता विसर. ही पुस्तकंच तेवढी म्हणतात, गेलेलं माणूस परत येतं. आले तर धुतलेला शर्ट नको? आणि तुझ्या त्या मागच्या खोलीत ते मला कुठे शोधतील रे?"

मला त्याचा रागही आला नि दयाही आली. शर्टाचं दुसरं टोक धरून त्याने तो आईबरोबर झटकला, दोरीवर घातला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि कागद पिशवीत घालून निघाला.

तो खाली पोचला असेल नसेल, तोच ताईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, तो पाचवा माणूस कोण असतो गं?"

"पुस्तक इथे आहे," ताई म्हणाल्या. "घरही इथेच आहे. ये आणि वाच."