उंदराच्या नावावरचा बोळा

"बाबू, थो उंदीर मीच व्हती," अक्का म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. ही आमची शेवटची भेट. आदिलाबादचं माझं किराणा दुकान बंद करून मी नेरडीगोंड्याजवळच्या तिच्या गावी गेलो होतो. ती महिनाभर अंथरुणाला खिळून होती. भाऊजी बाहेर ओसरीत कुणाशी तरी कापसाच्या भावाचं बोलत बसले होते, म्हणून तिनं आवाज अगदी खाली आणला होता. कुठला उंदीर, हे मला विचारावं लागलं नाही. "त्याईले अजून मालूम नाई. मी गेल्यावर सांगजो. जितेपणी सांगाची लाज वाटते मले." आणि मी काय केलं? मी हसलो. "काय अक्का, काय घेऊन बसलीस," असं काहीतरी म्हणालो आणि पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. पुढच्याच आठवड्यात भाऊजींचा फोन आला... आता दीड महिना होत आला, पण तिच्या आठवणीत शिरायला गेलो की आधी माझं ते हसणंच आडवं येतं.

अक्का माझी थोरली बहीण. आई शेतात, म्हणून मला वाढवलं तिनंच. तिचा एक छंद होता, घरात कुठेही भोक दिसलं की बुजवायचं. कापूस घरचाच, त्याला तोटा नाही. मूठभर कापूस घ्यायचा, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळायचा, वर गाठ मारायची आणि बिळात, खिडकीच्या फटीत, न्हाणीच्या मोरीत कोंबायचा. थंडीत शाळेत जाताना तिनं माझ्या कानांतसुद्धा बोळे घातले आहेत. गुरुजींनी विचारलेलं ऐकू न आल्यामुळे मी त्यापायी छड्याही खाल्ल्या. लग्न होऊन ती भाऊजींच्या घरी गेली आणि तिथली भोकं बुजवू लागली.

भाऊजी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगसाठी गावोगाव फिरून कापूस घ्यायचे. त्यांची एक जुनी डिझेल गाडी होती, सात माणसांची म्हणून घेतलेली आणि बारा माणसं कोंबून चालवलेली. एका पावसाळ्यात त्यांचा पाय मोडला आणि गाडी शेडमध्ये ज्वारीच्या पोत्यांना लागून दिवाळीपर्यंत उभी राहिली. पाय बरा झाला, गाडी बाहेर निघाली आणि धूर सुरू झाला. उभी असताना काही नाही, पण चढ आला किंवा माणसं भरली की मागून काळाकुट्ट लोट. आधी वाटलं, उभ्या उभ्या डिझेल खराब झालं असेल, म्हणून टाकी रिकामी केली. मग एअर फिल्टर नवा टाकला. मग नोझल काढून तपासले. मग पंपातून डिझेल कमी केलं, त्यानं गाडी चढावर रांगायला लागली आणि धूर होता तेवढाच. भाऊजी लोकांसमोर गाडी चालू करेनासे झाले. कुणाकडे गेले की गाडी लांब, उतारावर लावायची आणि निघताना न्यूट्रलमध्ये गल्लीबाहेर काढायची. मी सोबत असलो की मान खाली घालून मागून ढकलायचो.

आणि मग भैंसा गावच्या जिनिंगच्या आवारात ते घडलं. गाडीचं मागचं चाक मऊ मातीत रुतलं. मी मागून ढकलत होतो, भाऊजींनी एक्सलेटर दाबला आणि धुराचा लोट माझ्या अंगावरून मागच्या ढिगावर गेला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा नुकता उतरवलेला, पांढराशुभ्र कापूस. ढिगाची एक बाजू काळी पडली. म्हातारा त्यातला थोडा कापूस मुठीत घेऊन नुसता बघत राहिला. व्यापारी मात्र कोळशाच्या खाणींच्या गावाचं नाव घेऊन हसले. "मंचेरियलसे आई क्या कोयले की गाडी?" ज्या आवारात भाऊजी रोज खुर्चीवर बसून चहा प्यायचे, तिथे त्यांना त्या दिवशी कुणी बसा म्हणालं नाही. काळा पडलेला कापूस त्यांनी स्वतः विकत घेतला, पोत्यात भरला आणि घरी आणला. "हे काऊन असं?" अक्कानं विचारलं. भाऊजींनी सगळं सांगितलं. तशी ती हातातलं काम टाकून शेडकडे गेली. मला वाटलं, गाडीला शिव्या घालायला गेली असेल. पोत्यांमागचे उंदीर उभ्या गाडीत शिरू नयेत म्हणून तिनं हवेच्या पाइपात घातलेला बोळा तिला तोंडाशी सापडला नाही, तो इंजिनानं केव्हाच आत ओढून घेतला होता, हे पुढे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेरडीगोंड्यात हायवेवरच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं वैतागून फिल्टरचा डबाच काढून ठेवला आणि गाडी तशीच पिटाळली. धूर गायब. "इंजन अच्छा है सेठ, हवाच नै मिलरी उसकू." मग हवा आत खेचणारा पाइप जिथे वाकतो तिथे पकड घालून त्यानं ओढलं, तर कापसाचा बोळा बाहेर आला. धुळीनं मळलेला, वर पोपटी कापड. "चूहा लाया होगा," तो म्हणाला. "हाव, उंदीरच," भाऊजी इतक्या पटकन म्हणाले की मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कापडाला गाठ मारलेली होती. ती पोपटी साडी मीच अक्काला आधीच्या एका भाऊबीजेला दिली होती. भाऊजींनी बोळा उचलला आणि रस्त्यापलीकडच्या नाल्यात फेकला.

घरी आल्यावर त्यांनी दारातूनच सांगितलं, "उंदरानं बोळा कोंबला व्हता पाइपात. निघाला." अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. मीही नाही. उलट मला भाऊजींचा अभिमान वाटला, की काय माणूस आहे, बायकोवर शब्द येऊ दिला नाही.

त्या काळ्या कापसाची तिनं स्वतःसाठी उशी भरली. ती उशी दुसऱ्या कुणाला डोक्याखाली घेऊ द्यायची नाही. आणि गाडी कुठेही निघायची असली की भाऊजी आतून बॉनेटचा खटका ओढायचे, अक्का पदर खोचून यायची, बांगड्या मागे सारून पाइपाच्या तोंडात जातील तेवढी बोटं घालायची आणि म्हणायची, "कायी नाई, चाला." एकदा तर लग्नाला निघालेली सगळी मंडळी तिच्यासाठी खोळंबली. आम्ही हसायचो. "अक्का, सापडला का उंदीर?" हे विचारणारा मीच. सगळं माहीत असलेला मी. हे लिहिताना कान तापतात.

तेराव्यानंतर तिचा निरोप मी भाऊजींना सांगितला. ते तिची उशी उन्हात टाकायला निघाले होते, ती हातात धरूनच खाली बसले. "मले मालूम व्हतं," ते म्हणाले. "उंदीर गाठ मारते का बाबू?" मग उशीवर हात फिरवत म्हणाले, "म्हनलं, तिले कायले बोलाव, वाईट वाटन तिले. पन थे दर खेपेले हात घालून पाहे, तवा तरी मले समजाले पायजे व्हतं. मी आपला खटका ओढत राह्यलो..." मलाही ठाऊक होतं, हे मी सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही. आम्ही दोघांनी तिला मोठ्या मनानं माफ करून टाकलं होतं, फक्त तिला ते सांगायचं राहिलं. भाऊजी त्या दिवशी तिच्यावर ओरडले असते, तर दोन दिवस घरात अबोला झाला असता, मग चेष्टा झाली असती आणि विषय संपला असता. आमच्या भलेपणानं तिला जन्मभर चोर करून ठेवलं. याची मला लाज वाटते, आणि ती कुणाजवळ कबूल करावी तर ती ऐकणारीच राहिली नाही.

परवा भाऊजींना भैंशाला जायचं होतं, मी सोबत निघालो. ते गाडीत बसले आणि सवयीनं त्यांनी खटका ओढला. बॉनेट बोटभर वर आलं. भाऊजी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले, किल्ली काही फिरवेनात. मी उतरलो, बॉनेट उचललं, पाइपात बोटं घातली. आत काही नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच काही नव्हतं.

"कायी नाई भाऊजी, चाला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पण गाडी चालू केली नाही.

"अजून एक डाव पाह," ते म्हणाले.

मी पुन्हा हात घातला.