नाल्यावरची पुलिया आणि तिची चार अंदाजपत्रकं

आमच्या बांधकाम विभागात किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चहा यायला उशीर होतो, साहेब साइटवर असतात, नेट गेलेलं असतं, आणि कोणीतरी सहज विचारतं, "त्या पुलियाच्या फाइलीचं पुढं काय झालं हो?" मग त्या दिवशी काम होत नाही.

मी नगरपालिकेत अनुरेखक आहे, म्हणजे इंजिनियर साहेब सांगतील तसे नकाशे काढून देते. बावीस वर्षं झाली. रस्ते काढले, नाल्या काढल्या, शाळांच्या भिंती काढल्या. पण कोणाच्या लग्नाला गेले तरी लोक मला विचारतात ते त्या एका पुलियाचंच.

गाव आमचं यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना लागतं. नाल्याच्या अलीकडे बाजार, पालिका, दवाखाना. पलीकडे आमची वस्ती आणि तोंडाशीच रशीदभाईचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. मधे पुलिया, म्हणजे लहानसा पूल. जुनी पाडून नवी बांधायची होती. चार महिन्यांचं काम, बारा लाखांचं अंदाजपत्रक. नकाशा मीच काढला होता, म्हणून पहिला किस्सा माझ्यावरचाच सांगते.

*

गुल्हाने साहेब आमचे इंजिनियर. माणूस वाईट नाही, पण उन्हात जायला राजी नसतो. मार्च महिना होता, निधी परत जाणार म्हणून घाई होती. ते मला म्हणाले, "मेश्रामताई, वॉर्ड तीनच्या पुलियाचा नकाशा आहे ना? तोच घ्या, नाव बदला."

मी म्हटलं, "साहेब, नाला एकदा मोजून घेऊ या का?"

"नाला नाल्यासारखाच असते ताई."

मी नाव बदललं. सह्या झाल्या, टेंडर निघालं, ठेकेदार बंडूभाऊ राऊत यांना काम मिळालं. बंडूभाऊंनी पहिल्याच दिवशी नाल्यावर टेप धरला. नकाशात दोन मीटर होते, टेपवर साडेतीन.

गुल्हाने साहेबांनी टिपणी लिहिली, "प्रत्यक्ष स्थळी नाल्याची रुंदी वाढल्याचे आढळून आले."

मुख्याधिकारी मॅडम तेव्हा नव्या होत्या, परीक्षा पास होऊन थेट आमच्याकडेच आलेल्या. त्यांनी टिपणी दोनदा वाचली. "नाला वाढला? किती दिवसांत?"

साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, मोजेपर्यंत लहानच होता."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. पहिलं सुधारित अंदाजपत्रक त्याच आठवड्यात टाइप झालं.

*

नवी बांधायची म्हणजे आधी जुनी पाडायची. ती दगडी होती, चुन्यात बांधलेली. आमच्या प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत तिला 'शिकस्त व धोकादायक' म्हटलं होतं. तसा बोर्डही दोन्ही बाजूंनी लावला होता.

जेसीबी आला. पहिल्या दिवशी त्याच्या बकेटचे दोन दात तुटले. मग यवतमाळहून ब्रेकर मागवला, त्याची छिन्नी वाकली. दुसरी आणली. एका पुलियाला अकरा दिवस लागले. रशीदभाई गॅरेजसमोर खुर्ची टाकून रोज पाहायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, धोका आहे धोका आहे म्हणत होते ना? कोणाले धोका आहे ते आता समजून राह्यलं."

बंडूभाऊंचं पत्र आलं, "जुना पूल अपेक्षेपेक्षा मजबूत निघाल्याने पाडकामाचा जादा दर मिळावा." साहेबांनी शिफारस केली.

मॅडमनी फाइलीचं पहिलं पान आणि हे पान शेजारी शेजारी धरलं. एकावर धोकादायक, दुसऱ्यावर मजबूत. खाली सही एकाच माणसाची.

"यातलं खरं कोणतं, गुल्हाने?"

"दोन्ही खरे आहेत मॅडम. पहिलं मंजुरीसाठी, दुसरं बिलासाठी."

*

खोदकाम सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी पाण्याची मुख्य पाइपलाइन फुटली. अर्ध्या गावाचं पाणी बंद. आमच्याकडे पाइपलाइनचा नकाशा नव्हता, माझ्याकडे तर कधी आलाच नाही. पाइप कुठून कुठे जातो हे गावात एकाच माणसाला माहीत होतं. शामराव. तीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं त्यांनी, आणि तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते.

साहेब मला घेऊन त्यांच्या घरी गेले. शामराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. साहेब रागावूनच बोलले, "शामराव, तिथं पाइप आहे हे आधी सांगायचं नाही का?"

शामराव सोलता सोलताच म्हणाले, "रिटायर झालो त्या दिवशी म्या म्हटलं होतं साहेब, पाइप कुठून कुठून जाते ते लिहून घ्या. तुम्हीच म्हणाले, शामराव, आता आराम करा. तं म्या आराम करून राह्यलो."

साहेब खाली बसले. म्हणाले, "चला ना एकदा साइटवर. रोजी देऊ."

"रोजी नको मले. माया पेन्शनची फाइल कुठं अडकली तेवढं पाहा."

तीन वर्षं ती फाइल आस्थापना विभागाच्या कपाटात होती. एका जुन्या सर्व्हिस बुकावर शिक्का नव्हता म्हणून अडलेली. गाव नऊ दिवस टँकरवर होतं. दहाव्या दिवशी सकाळी शिक्का बसला, दुपारी शामरावांनी काठीने जमिनीवर एक लांब रेघ ओढली. खोदलं तर पाइप बरोबर रेघेखाली.

दुसऱ्या सुधारित अंदाजपत्रकात 'पाइपलाइन स्थलांतर' असा आयटम आला. शिक्क्याचा उल्लेख कुठे नाही.

*

खोदकामाचे दर मातीला वेगळे, मुरमाला वेगळे, आणि कठीण खडकाला सगळ्यांत जास्त. आमच्या नाल्याची जमीन काळी. पावसाळ्यात चप्पल आत राहते आणि पाय तेवढा वर येतो. तिथं बंडूभाऊंना कठीण खडक लागला, असं बिल आलं.

मॅडम म्हणाल्या, "मी स्वतः येऊन पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. खड्ड्यात खरंच खडक होता. चांगले काळेभोर, मोठमोठे दगड. मॅडम जरा नरमल्या आणि खाली उतरायला लागल्या. तेवढ्यात मागून रशीदभाई म्हणाला, "मॅडम, सांभाळून उतरा. दगड अजून बसला नाही, नवा आहे."

"नवा म्हणजे?"

"काल दुपारीच आला ना. त्या टिप्परचं टायर इथंच बसलं होतं. पंक्चर म्याच काढलं."

सगळे बंडूभाऊंकडे पाहायला लागले. बंडूभाऊंनी घाम पुसला. "मॅडम, खाली खडक असाच आहे. हा फक्त तुम्हाले दाखवायले आणला. सॅम्पल."

मॅडम तिथून तडक ऑफिसात आल्या आणि बिल नामंजूर म्हणून शेरा लिहायला घेतला. दुपारी त्यांना दोन फोन आले. कोणाचे ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी मधला मार्ग निघाला. कठीण खडकाचा मऊ खडक झाला. काळ्या मातीचं नाव कोणीच काढलं नाही.

त्या दिवशी मॅडम घरी जाताना माझ्या टेबलाजवळ थांबल्या. "मेश्रामताई, तुम्ही इथं इतकी वर्षं कशी काढली?"

मी म्हटलं, "मॅडम, मी फक्त नकाशे काढते."

*

काम चालू असताना लोकांनी जायचं कुठून? वळणरस्ता करायचा तर जागा नव्हती. रशीदभाईने गॅरेजमागचा आपला मोकळा प्लॉट फुकट दिला. "माणसं जातीन तं जाऊ द्या," एवढंच म्हणाला. त्या प्लॉटमधून मुरूम टाकून रस्ता केला, नाल्यात सिमेंटचे पाइप टाकले. पहिल्या पावसात तो वाहून गेला, पुन्हा केला. दुसऱ्यांदा वाहून गेला, पुन्हा केला. तिन्ही वेळचे पैसे फाइलीत वेगवेगळे आहेत.

सहा महिन्यांनी आमच्याच कर विभागाने रशीदभाईला नोटीस पाठवली. रिकाम्या प्लॉटचा वापर विनापरवानगी बदलून वाहतुकीसाठी होत असल्याचं दिसून आलं, तरी फरकाचा कर दंडासह भरावा.

नोटीस घेऊन तो माझ्याकडे आला. "ताई, हे वाचून सांगा. मले वाटलं आभाराचं पत्र आहे."

मी वाचून सांगितलं. तो परत गेला आणि त्याने प्लॉटच्या तोंडाला ट्रक ओढायचा दोर आडवा बांधला. खुर्ची टाकून बसला. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या. लोक विचारायला आले की तो नोटीस दाखवायचा. "टॅक्स मी भरायचा ना? मंग रस्ता माया आहे. मीच ठरवीन."

तासाभराने त्या रांगेत मॅडमची गाडी येऊन थांबली. मॅडमनी खाली उतरून नोटीस वाचली, बॉनेटवर ठेवून तिथल्या तिथं तिच्यावर 'रद्द' लिहिलं आणि सही केली. रशीदभाईने स्वतः दोर सोडला. मॅडमची गाडी शेवटी सोडली, आधी भाजीवाल्या बाया आणि शाळेची ऑटो.

*

आता शेवटचा. हा आम्ही चहाच्या वेळी सांगत नाही.

ऑगस्ट होता. पावसाने वळणरस्ता तिसऱ्यांदा नेला होता. पुलियाचा स्लॅब पडायचा होता, नुसती सेंट्रिंगच्या फळ्यांची उभारणी झालेली. काम बंद होतं. रशीदभाईची पोरगी शबाना पुसदहून बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मी ऑफिसला निघाले होते, पाणी कमी व्हायची वाट पाहत काठावर उभी होते. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण ती अलीकडे दवाखान्याच्या बाजूला आणि आम्ही पलीकडे. मधे काठ सोडून पसरलेलं, कमरेएवढं पाणी.

साइटवरच्या टिनाच्या शेडमध्ये चार मजूर अडकून होते. पांढरकवड्याकडच्या एका पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरचे. त्यांच्यातला वयाने मोठा आयतू. त्याने कोणाला काही विचारलं नाही. सेंट्रिंगची एक रुंद फळी काढली, दोन लाकडी बल्ल्या बांधल्या, वर गोधडी टाकली. शबानाला झोपवलं आणि चौघांनी खांद्यावर घेतलं.

रशीदभाई पुढे व्हायला लागला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आयतू म्हणाला, "बाबा, तुमी मागून या. रडता माणूस पुढं असला का पाय घसरते."

ते पाण्यात उतरले. मधे एकदा फळी एका बाजूला कलली. मग सरळ झाली. दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सुटी मिळाली तेव्हाही रस्ता नव्हताच. त्याच चौघांनी त्याच फळीवरून मायलेकींना परत आणलं.

बंडूभाऊंनी त्यांना दोन्ही दिवसांची मजुरी दिली, कोणी न सांगता. आणि सवयीने बिलात लावली, 'मजुरांद्वारे साहित्य वाहतूक, चार मजूर, दोन दिवस.'

अडीच वर्षांनी पुलिया झाली. चौथ्या अंदाजपत्रकात बाराचे एकतीस लाख झाले होते. मग ऑडिट आलं. ऑडिटर साहेबांनी तीन दिवस फाइल वाचली. वाढलेला नाला, मजबूत निघालेला धोकादायक पूल, मऊ खडक, तीनदा वाहून गेलेला रस्ता. प्रत्येक पानावर सह्या होत्या, शिक्के होते, सगळं नियमात बसलं. आक्षेप निघाला एकच. त्या साहित्य वाहतुकीच्या दोन तारखांना साइटच्या डायरीत 'पावसामुळे काम बंद' लिहिलेलं होतं. काम बंद, मग साहित्य कोणतं वाहिलं? मजुरी अमान्य, ठेकेदाराकडून वसूल करावी.

गुल्हाने साहेबांनी बंडूभाऊंना बोलावलं. प्रत्येक पैशासाठी भांडणारा हा माणूस, या वेळी म्हणाला, "कापा." आणि निघून गेला. साहेबांनी वसुलीचा कागद काढला.

संध्याकाळी मी रशीदभाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पालिकेच्या कॅश काउंटरवर आला. धुतलेला शर्ट, कडेवर नात. पैसे कॅशियरबाईंपुढे ठेवले. "ताई, पुलियाच्या खात्यात भरायचे आहेत. बंडूभाऊचे."

त्यांनी पावतीबुक उघडलं. "कशाबद्दल लिहू?"

"जे लिहिलं होतं तेच लिहा. साहित्य वाहतूक."

"किती नग?"

रशीदभाईने पोरीचा हात पावतीबुकावरून बाजूला केला.

"जाताना एक," तो म्हणाला, "येताना दोन."